निळ्या टोकाची काडतुसं

१

गनार टेस्टाडचं प्रेत बोटीतून उतरवलं, तेव्हा मात्रोनाने त्याला बुटांवरून ओळखलं. चेहऱ्यावरून ओळखायला अस्वलाने फारसं काही मागे ठेवलं नव्हतं.

कोडियाक बेटाच्या या खाडीत गनारचं नाव मोठं होतं. दक्षिणेकडच्या राज्यांतून हौसेने येणाऱ्या शिकाऱ्यांना तो तपकिरी अस्वलापर्यंत घेऊन जायचा, आणि त्यांच्या हातून अस्वल पडलं नाही तर स्वतः पाडून द्यायचा. माणूस म्हणून त्याच्याबद्दल बरं बोलणारं मात्र कोणी नव्हतं, आणि त्यात त्याची बायकोही आली. कालुग्याक गावात रेडिओवरून बातमी पोहोचली, तेव्हा चहा पीत बसलेल्यांनी हातातला कप खाली ठेवला नाही.

गावात पोलीस म्हणून होती ती एकटी मात्रोना नौमॉफ. पन्नाशीची, ठेंगणी, जिभेला धार असलेली बाई. तरुणपणी तिने शिकारी कॅम्पांत स्वयंपाक केला होता, अस्वलांची कातडी खरवडली होती आणि बऱ्याच मोठ्या शिकाऱ्यांना भीतीने ओकताना पाहिलं होतं. खाडीच्या टोकाला असलेल्या गनारच्या कॅम्पावर ती तातडीने आली, ती काही गनारसाठी नव्हे. तिचा धाकटा भाऊ इनोकेन्टी, सगळ्यांचा केंटी, गनारच्या हाताखाली गाईड होता. आई गेल्यावर मात्रोनानेच त्याला वाढवलं होतं.

केंटीच्या रेनकोटवर रक्त होतं, पण ते त्याचं नव्हतं. त्याला डावा कान नव्हता, तो तीन वर्षांपूर्वीच गेला होता. जखमी अस्वलामागे झुडपात आधी केंटीने शिरायचं, असा गनारच्या कॅम्पाचा शिरस्ता होता.

"प्रेत कुठे मिळालं?" तिने विचारलं.

"आल्डरच्या झुडपाच्या तोंडाशी. अस्वलाने तिथे टाकून दिलं आणि ते आत सरकलं."

"म्हणजे अस्वल जिवंत आहे?"

"खांदा फुटलाय. पण आहे."

"कुठलं झुडूप?"

केंटी खाली बघत म्हणाला, "गावच्या पाण्याच्या टाकीकडे जायची वाट आहे ना, तिच्या वरचं."

जखमी अस्वल वाटेवर सोडून चालणार नव्हतं, त्या वाटेने रोज बायका जायच्या. आणि गनार गेल्यावर खाडीत परवाना असलेला गाईड एकच उरला होता. आज ना उद्या कोणाला तरी त्या झुडपात शिरायचं होतं, आणि तो कोण हे तिला विचारावं लागलं नाही.

तंबूच्या कडेला पाहुण्या शिकाऱ्याची रायफल टेकून ठेवलेली दिसली. जुन्या सवयीने तिने ती उचलली, नळी समुद्राकडे केली आणि रिकामी केली. दोन काडतुसं तिच्या तळहातावर पडली. गोळ्यांची टोकं अणकुचीदार होती, निळ्या प्लॅस्टिकची.

मागे उभ्या असलेल्या पाहुण्याने मान पुढे काढून बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही माझी नाहीत," तो म्हणाला.

२

पाहुण्याचं नाव वेंडेल प्रूइट. ओक्लाहोमात इमारती बांधायचा, त्याचे हात मऊ होते आणि टोपी कोरी होती. मात्रोनाने त्याला चुलीजवळ बसवलं आणि हातात कॉफी दिली. ती त्याला पिता येईना.

"रायफल कोणी निवडली तुमची?"

"गनारनेच, मॅडम. मी आधी हत्ती मारायची मोठी रायफल घेतली होती. म्हटलं, अस्वल एवढं मोठं, तर बंदूकही तशीच हवी. फोनवर सांगितलं तर तो हसला. म्हणाला, त्या तोफेने तू डोळे मिटून चाप ओढशील आणि मला तुझ्यामागे निस्तरत बसावं लागेल. तीनशे अडतीस कॅलिबरची घे. गोळी जड घे, शिशाच्या बोथट टोकाची. आणि खांदा काळानिळा होईपर्यंत सराव कर."

"केलात?"

"केला. कॅम्पावर आल्या दिवशी त्याने किनाऱ्यावर दुधाचं खोकं ठेवून मला मारायला लावलं. तीन गोळ्या तळहाताखाली झाकतील एवढ्यात. तरी तो म्हणालाच, खोकं काही अंगावर धावून येत नाही."

मात्रोनाने मान हलवली. सल्ला खरा होता. जड, कडक गोळी अस्वलाच्या खांद्याचं हाड फोडून आत जाते. निळ्या टोकाची हलकी गोळी हरणासाठी. ती वेगात जाते, पण जाडजूड हाडावर आपटली की तिथेच तिचा चुरा होतो, आणि आत जिवंत राहतो तो भडकलेला प्राणी.

"आज काय झालं ते सांगा."

प्रूइट सांगू लागला. सकाळी निघताना गनार कधी नव्हे तो गोड वागला. काडतुसांचा डबा त्याने स्वतः आणला, रायफल प्रूइटच्या हातातून घेतली आणि स्वतः भरून परत दिली. "मला बरं वाटलं," तो म्हणाला. "वाटलं, शेवटी मला जरा मान देतोय."

मग बोटीने ओढ्याच्या मुखाशी गेले; केंटी दुसऱ्या होडीतून मागून आला. अस्वल मासे खात होतं. प्रूइटने नीट टेकून खांद्यावर गोळी मारली. अस्वल कोसळलं, ओरडलं, उठलं आणि झुडपात घुसलं.

"गनार केंटीला म्हणाला, चल, हो आत. केंटी म्हणाला, माझ्या रायफलीची फायरिंग पिन तुटलीये, बार उडणार नाही, म्हणून रायफल मी कॅम्पावरच ठेवली. ते ऐकून गनार पांढराफटक पडला. मला वाटलं, रागाने. मी माझी रायफल केंटीपुढे केली, ही घे म्हटलं. तो म्हणाला, त्यात दम नाही. आणि दगडावर जाऊन बसला."

"मग?"

"गनार एकटाच आत गेला. एक बार ऐकू आला. त्यानंतर..." प्रूइटने कॉफीचा कप खाली ठेवला. "फार वेळ चाललं ते. तो हाका मारत होता. केंटी, केंटी."

"तुमच्या हातात भरलेली रायफल होती," मात्रोना शांतपणे म्हणाली. "दोन काडतुसं होती."

मात्रोनाला उत्तर नको होतं. तिला फक्त त्याला ते ऐकवायचं होतं.

ती उठली, तोच तंबूचं दार उघडून गनारची बायको आत आली. तिच्या अंगावर प्रवासाचा कोट होता.

"विचारपूस आवर आता," ती म्हणाली. "मी राज्य पोलिसांच्या ट्रूपरला रेडिओवर कळवलंय. खुनी कोण ते मी त्याला सांगितलंय."

३

आर्डिस टेस्टाड नवऱ्याच्या प्रेताकडे अजून एकदाही फिरकली नव्हती. तिच्या तंबूत पलंगावर तिची बॅग भरून तयार होती. मात्रोनाची नजर तिकडे गेलेली तिने पाहिली.

"बघतेस काय? दोन महिन्यांपासून भरलेली आहे. हंगाम संपला की जाणार होते. आता लवकर जाईन."

"कोणाचं नाव सांगितलंस ट्रूपरला?"

"तुझ्या भावाचं."

मात्रोना खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "का ते सांग."

"का म्हणजे? पुढच्या हंगामापासून या खाडीत शिकार करायचा हक्क सरकारने केंटीला दिला. गनारने अर्ज केले, वरपर्यंत गेला, काही झालं नाही. हा त्याचा शेवटचा हंगाम. केंटी हिवाळ्यापासून छाती काढून फिरतोय."

"हक्क मिळालाच आहे, तर गनारला मारून त्याला काय मिळणार?"

"कान," आर्डिस म्हणाली. "त्याचा कान कसा गेला ते तुला माहीत आहे. मला नव्याने सांगायला लावू नकोस."

आर्डिसच्या म्हणण्यात दम होता. पाहुण्यांची काडतुसं रोज संध्याकाळी कॉफीच्या रिकाम्या डब्यात जायची आणि डबा केंटीच्या ताब्यात असायचा. निळ्या टोकाची कुठून आली, हे तर विचारायलाच नको. परत जाणारे शिकारी उरलेली काडतुसं विमानात न्यायचा त्रास घेत नाहीत, ती इथेच टाकून जातात. गनारची पत्र्याची पेटी तशा काडतुसांनी भरली होती. हात घातला की हवं ते सापडावं.

"पेटीला कुलूप?"

"कशाला? चोर यायला इथे रस्ता कुठाय?"

"म्हणजे तूही घेऊ शकत होतीस."

आर्डिस हसली. "मला गनारला मारायचं असतं तर मी त्याच्या कालवणात घातलं असतं. एवढ्या वर्षांत रोज दोनदा संधी होती. आणि हा प्रूइट? काल गनारने त्याला जेवताना बाईमाणूस म्हटलं, तर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो कसला कट करतोय? नाही ग. ज्याला ठाऊक आहे की पाहुण्याने अस्वल नुसतं जखमी केलं की मरतो तो गाईड, त्यानेच हे केलं. पाहुणा बाहेर उभा राहतो. झुडपात जावं लागतं ते गाईडला."

"बरोबर," मात्रोना म्हणाली. "मग मला एवढंच सांग, आर्डिस. या कॅम्पात झुडपात कोण जातो?"

बॅगेच्या पट्ट्यावरचा आर्डिसचा हात थांबला.

४

केंटी कातडी वाळवायच्या छपराखाली एकटाच बसला होता. त्याने रेनकोट धुऊन टांगला होता आणि तो वाळवलेला सामन मासा चघळत होता. पहिल्यापासून असाच. घरात काहीही झालं तरी याची भूक जायची नाही, आणि लहानपणी मात्रोनाला त्याचं कौतुक वाटायचं.

"आर्डिसने तुझं नाव घेतलंय."

"घेणारच. पेटी, डबा, खाडी. सगळं माझ्याच गळ्यात पडतं."

"डबा सकाळी कोणी उघडला?"

"गनारने. म्हणाला, दे इकडे. मी दिला."

"बघितलंस आत?"

"मी कशाला बघू? माझी काय काडतुसं आहेत?"

"आणि तुझी रायफल?"

त्याने मानेनेच छपराच्या खांबाकडे दाखवलं. मात्रोनाने रायफल काढून बोल्ट उघडला. पिन खरोखरच नव्हती. नळीच्या तोंडावर मात्र काळी टेप होती, चकचकीत आणि कडेपर्यंत घट्ट बसलेली. नळीत पाऊस जाऊ नये म्हणून इथले गाईड रोज सकाळी निघायच्या आधी नवी टेप लावतात, कारण कालची ओलीने सैल होते आणि वाळूने करडी पडते. मात्रोनाने त्या टेपवरून अंगठा फिरवला.

"पिन कुठेय?"

"तुटली. काल साफ करताना. तुकडे चुलीत टाकले."

"काल."

"हो, कालच. ताई, तू पण आता माझ्यावर..."

"मी काहीच म्हटलेलं नाही," ती म्हणाली आणि रायफल होती तशी टांगून ठेवली.

खाडीवर विमानाचा आवाज आला. ट्रूपर वेळेआधीच पोहोचला होता, आणि तो बेड्या न घेता कधी येत नसे. केंटीने हातातला मासा खिशात ठेवला आणि प्रथमच बहिणीकडे सरळ पाहिलं.

"मला नेऊ देशील?" त्याने विचारलं.

५

ट्रूपर क्रॅबट्री उंचापुरा होता आणि घाईत होता. धुकं खाली उतरत होतं, त्याच्या आत त्याला प्रेत घेऊन उडायचं होतं. सगळे स्वयंपाकाच्या तंबूत जमले. आर्डिस उभी राहिली, प्रूइट खाली मान घालून बसला आणि केंटी दाराशी थांबला.

"मात्रोना, तुझाच भाऊ आहे, मला कळतंय," क्रॅबट्री म्हणाला. "पण डबा याच्याकडे, पेटी उघडी, भांडण जुनं. आणखी काय हवंय?"

"पाच मिनिटं हवीत. मग ज्याच्या हातात बेड्या घालायच्यात त्याच्या घाला." ती प्रूइटकडे वळली. "सकाळी तुमची रायफल कोणी भरली?"

"गनारने."

"आधीचे दिवस?"

"मीच भरायचो. तो शेजारी उभा राहून बघायचा."

"ऐकलंस, क्रॅबट्री? मी अशा चार कॅम्पांत राबलेय. गाईड पाहुण्याची रायफल कधी भरत नाही. भरली आणि काही झालं तर दोष त्याचा, परवाना त्याचा. पाहुण्याने भरायची, गाईडने नळी कुठे रोखलीये ते बघायचं. गनारने इतकी वर्षं हेच केलं. आजच त्याला सेवेची हौस का आली?"



तिने ती दोन काडतुसं टेबलावर ठेवली. शेजारी प्रूइटच्या मूळ खोक्यातलं एक ठेवलं. ते बोथट, करड्या टोकाचं. "यांतलं वेगळं कुठलं, हे लहान पोर सांगेल. प्रूइटला फोनवर जड गोळी सांगणारा गनार. खोक्यावर ती मारून बघायला लावणारा गनार. आज ही निळी टोकं एकेक करून बोटांनी आत ढकलणाराही गनारच. आता मला सांगा, कोणी त्याला फसवलं असेल तर कसं? त्याला दिसत नव्हतं?"

"गरुडासारखी नजर होती मेल्याची," आर्डिस हळूच म्हणाली.

"म्हणजे त्याला कोणी फसवलं नाही. प्रूइटला काडतुसं दिसू नयेत म्हणूनच त्याने रायफल स्वतः भरली. आधी पेटीतून ही काढून डब्यात त्यानेच टाकली."

"स्वतःलाच मारायला?" क्रॅबट्रीने विचारलं.

"जखमी अस्वलामागे या कॅम्पात आधी कोण जातो, ते आर्डिसला विचार. मी विचारलं तेव्हा तिची वाचा बसली. सापळा केंटीसाठी होता. केंटी मेला असता तर खाडी पुन्हा गनारची. आणि दोष कोणाला गेला असता? प्रूइटला, नेम चुकला म्हणून. नाहीतर नशिबाला. फक्त केंटीची रायफल आजच बिघडलेली निघाली. मोकळ्या हाताच्या माणसाला झुडपात पाठवत नाहीत, तेवढा कायदा गनारच्याही अंगवळणी पडला होता. काडतुसं खोटी आहेत म्हणून मी आत जात नाही, असं त्याला पाहुण्यासमोर म्हणता येईना. मग गेला."

प्रूइटने मान वर केली. "आणि मी? मी काय होतो यात?"

"चाप," मात्रोना म्हणाली. "दुसऱ्याने ओढलेला."

आर्डिस खाली बसली आणि हसू लागली. ते हसू थांबेपर्यंत क्रॅबट्री टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग त्याने बेड्या कमरेला परत अडकवल्या. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, आणि धुकं वाट बघत नव्हतं. तासाभराच्या आत प्रेत, विधवा आणि पाहुणा तिघेही विमानात होते.

"अस्वलाचं काय?" त्याने जाता जाता विचारलं.

"बघतो आम्ही," केंटी म्हणाला. त्याचा आवाज मोकळा झाला होता.

विमान धुक्यात शिरलं. केंटीने बहिणीच्या खांद्यावर हात टाकला. तिने तो उचलून बाजूला केला.

"आता मला खरं सांग," ती म्हणाली.

६

"काय खरं?"

"टेप कधी लावलीस?"

त्याला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा बदलला. ट्रूपरला हे दिसलं नसतं, पण मात्रोना तो चेहरा पाळण्यात असल्यापासून बघत होती.

"रायफल काल मोडली म्हणालास. मोडलेल्या रायफलीला आज सकाळी कोण टेप लावतं? निघायच्या तयारीत होतास तू. मग डब्याकडे बघितलंस, गनारच्या बोटांत निळं टोक दिसलं, आणि आत जाऊन पिन काढलीस."

"दिसलं नाही मला काही."

"प्रूइट म्हणाला, तू त्याची रायफल घेतली नाहीस. त्यात दम नाही म्हणालास. अरे, ती तर गनारने सांगितलेली रायफल, बाहेरून जशी होती तशीच. आतल्या गोळ्यांत दम नाही, हे तुला कोणी सांगितलं?"

केंटीने खिशात हात घातला आणि सामनच्या तुकड्यामागून पिन बाहेर काढली. अख्खी होती.

"मी काय केलं, ताई? मी काहीच केलं नाही."

"तेच म्हणतेय मी."

"त्याने मला मारायला काढलं होतं. तूच सांगितलंस सगळ्यांना."

"एक शब्द बोलायचा होतास. प्रूइटला म्हणायचं होतंस, काडतुसं बघ. अस्वल आज नुसतं जखमी होऊन वाटेवर बसलं नसतं. त्या बिचाऱ्यावर ते उलटलं असतं तर?"

"नाही उलटलं."

"गनार तुला हाका मारत होता."

"ऐकल्या की." तो शांतपणे म्हणाला. "सगळ्या ऐकल्या. मीसुद्धा मारल्या होत्या त्या वर्षी, कान गेला तेव्हा. तो बाहेर उभा राहून सिगारेट ओढत होता. संपेपर्यंत आला नाही. आज बोललो असतो तर त्याने पुढच्या आठवड्यात दुसरं काही केलं असतं. आज नाहीतर उद्या. मी फक्त बाजूला झालो."

मात्रोनाला वाटलं होतं, आपल्याला रडू येईल. आला तो राग, आणि तोही गनारवर नव्हे. गनार दुष्ट होता हे खाडीला ठाऊक होतं, त्याच्याकडून कोणी वेगळी अपेक्षा केली नव्हती. ज्याला तिने भरवलं, तापात रात्रभर मांडीवर घेतलं, तो समोर माणूस मरत असताना दगडावर बसून राहू शकतो, हे तिला आज समजलं. ते आता आयुष्यभर माहीत असणार होतं.

"क्रॅबट्रीला सांगणार?"

"काय सांगू? काही न करणाऱ्याला बेड्या घालत नाहीत." तिने गनारची रायफल उचलली, मोठी, जुनी, झिजलेली. त्याच्या काडतुसांच्या पट्ट्यातून चार काढून आत सरकवली. "पिन बसव. उजेड आहे तोवर झुडपाशी पोहोचायचंय."

केंटीने पिन बसवली, बोल्ट मागेपुढे केला. मग बहिणीच्या हाताकडे बघून म्हणाला, "ती जरा दे इकडे."

तिने रायफल दिली. त्याने ती रिकामी केली आणि चारही काडतुसं तळहातावर घेऊन एकेक उजेडात फिरवून पाहिली. टोकं बोथट होती, शिशाची.

"काय बघतोस?"

"उगाच," तो म्हणाला.

तिने काडतुसं परत घेतली आणि पुन्हा भरली. मग दोघे बोटीत बसले.

७

टाकीच्या वाटेवर रक्त वाळून काळं पडलं होतं. पुढे आल्डरची झुडपं, वाकडी आणि एकमेकांत अडकलेली, आत वाकूनच शिरावं लागेल अशी. वारा समोरून येत होता आणि त्यात अस्वलाचा वास होता.

"तू पुढे हो," केंटी म्हणाला.

"परवाना तुझा. खाडी तुझी. तूच पुढे."

तो आत शिरला, ती त्याच्या मागे. पूर्वी असं कितीदा झालं होतं, आधी हरणामागे, मग अस्वलामागे. तो पुढे बघायचा आणि मागची काळजी तिच्यावर सोडायचा. आज तो दोन पावलं टाकायचा आणि मागे वळायचा. तिच्या चेहऱ्याकडे नाही, तिच्या नळीच्या तोंडाकडे बघायचा.

"पुढे बघ," ती दबक्या आवाजात म्हणाली.

त्याने पुढे पाहिलं. दोन फांद्या बाजूला केल्या आणि पुन्हा वळला.

"केंटी, पुढे बघ म्हणते ना."

"तुझं बोट कुठेय, ताई?"

ती उत्तर देणार तोच त्याच्या पुढची झुडपं हलली. आवाज असा झालाच नाही, एका बाजूची फांदी न् फांदी एकदम वाकली. अस्वल तीन पायांवर आलं, कान मागे टाकून, तोंड उघडं. केंटीची पाठ त्याच्याकडे होती. तो अजून तिच्याकडेच बघत होता, आणि मात्रोनाने रायफल खांद्याला लावलेली त्याने पाहिली.

नेमाच्या वाटेत आधी भावाची छाती होती. त्या क्षणात तिच्या मनात काय आलं, ते तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही. तिने नळी बोटभर वर घेतली आणि चाप ओढला. मग बोल्ट फिरवून पुन्हा ओढला.

गनारची निवड चांगली होती. दुसरी गोळी मानेतून आत गेली आणि अस्वल केंटीच्या टाचांपाशी येऊन पडलं. त्याचा श्वास दोनतीनदा घरघरला आणि थांबला.

केंटी गुडघ्यांवर कोसळला होता. रायफल त्याने टाकून दिली होती. हात डोक्यावर धरले होते आणि डोळे गच्च मिटले होते.

"नको, ताई," तो म्हणत होता. "ताई, नको ना. चुकलं माझं."

मागे मेलेल्या अस्वलाकडे त्याने वळूनही पाहिलं नव्हतं.

मात्रोना त्याच्यापाशी गेली. त्याला उठवायला तिने हात पुढे केला, तसा तो अंग चोरून मागे सरकला आणि अस्वलाच्या केसाळ अंगाला टेकला. तेव्हा त्याने डोळे उघडले. गोळी कोणासाठी होती ते त्याला कळलं, आणि त्याला काय वाटलं होतं ते तिलाही.

तिने रेडिओ काढून गावाला कळवलं, वाट मोकळी आहे, बायकांना सांगा. आवाज नेहमीसारखा लागला.

पुढच्या हंगामात खाडी केंटीच्या नावावर झाली. पाहुणे आले, अस्वलं पडली, केंटीचं नाव गनारपेक्षा मोठं झालं. गावात आला की तो बहिणीच्या दारी मासे ठेवून जायचा, हालहवाल विचारायचा, छपराचा पत्रा उडाला तर बसवून द्यायचा. आत मात्र येत नसे. तिने ताट वाढलं की त्याला कुठेतरी जायचं असायचं. त्या दिवसानंतर केंटीने बहिणीच्या हातचं कधी खाल्लं नाही.